सरकारी मालकीचा रस्सा

जिंतूरहून जालन्याकडे निघालेली एसटी देवगाव फाट्यावर थांबते. सेलूला जाणारी माणसं उतरतात आणि सेलूची गाडी येईपर्यंत त्यांना चहा पिणं आणि बोलणं एवढाच उद्योग उरतो. फाट्याची सगळी विद्वत्ता या रिकाम्या वेळात पिकलेली आहे. कापसाचा भाव, पावसाचं नक्षत्र, कोणाची सून माहेरी का गेली, कुठल्याही विषयाचा जाणकार इथं उभ्या उभ्या मिळतो. पण ज्या विषयात आम्ही कोणाला हार जात नाही तो म्हणजे रानातल्या शिकारीचं मटण. रोह्याचं, म्हणजे नीलगाईचं, मटण किती वेळ शिजवावं, रानडुकराची चरबी किती बोटं जाड निघते, ससा भाजावा की रस्सा करावा, तितर कोणाला मानवतं आणि कोणाला बाधतं, यावर इथला माणूस समोरची गाडी निघून जाईपर्यंत बोलतो. यातला एकही पदार्थ त्यानं खाल्लेला नसतो.

खाणार कुठून? १९७२ साल म्हटलं की आमच्याकडे लोकांना दुष्काळ आठवतो. त्याच वर्षी मे महिन्यात परभणीला कृषी विद्यापीठ झालं आणि सप्टेंबरात दिल्लीला वन्यजीव संरक्षण कायदा झाला. म्हणजे पीक कसं वाढवावं हे सांगणारे आणि ते पीक खाणाऱ्यांचे पालक, दोघंही एकाच सालचे. शेतकरी मधे उभा आहे, दोघांना नमस्कार करत.

या कायद्याचं कलम ३९ मी निवृत्तीनंतर सावकाश वाचलं. मास्तरकीत वाचायला वेळ मिळत नाही. त्यात म्हटलंय की मेलेलं, चुकून मारलेलं, बेकायदा मारलेलं, कसंही असो, रानातलं जनावर सरकारच्या मालकीचं. मांससुद्धा. ते तुमच्या ताब्यात आलं तर ४८ तासांच्या आत पोलिसांना नाहीतर वन खात्याला कळवायचं. रात्री ट्रकनं उडवलेलं रोही तुमच्या बांधावर येऊन पडलं तर ते सरकारचं. मात्र तेच रोही आदल्या रात्री तुमचं सोयाबीन खात होतं तेव्हा ते कोणाचं होतं, हे पंचनामा करून घेण्यासाठी तुम्हालाच धावाधाव करून सांगावं लागतं. २०१५ साली राज्य सरकारनं पिकाची नासाडी करणारी रोही आणि रानडुकरं परवानगी काढून मारायची सोय केली. फाट्यावर त्या दिवशी रश्श्यात घालायच्या येसुराची विचारणा वाढली. मग कोणीतरी आदेश नीट वाचला. परवानगीनं मारलेलं जनावरही सरकारचंच. म्हणजे बंदुकीपासून पातेल्यापर्यंत जाणारा कायदेशीर रस्ताच नाही. बिगरकायदेशीर रस्ता तीन वर्षं कैद आणि लाखभर दंडापर्यंत जातो, आणि काळवीट असेल तर सात वर्षांपर्यंत.

तेव्हा आम्ही राखण करतो. राखणीच्या आमच्याकडे तीन पद्धती आहेत आणि तिन्ही डुकरांना पाठ आहेत. पहिली, न्हाव्याच्या दुकानातले केस आणून बांधावर टाकायचे, म्हणजे नाकात केस गेले की डुक्कर मागं फिरतं. दुसरी, रात्रभर भोंग्यावर कुत्र्याचं भुंकणं वाजवायचं. यानं गावातली खरी कुत्री रात्रभर उत्तर देतात आणि डुकरं त्या गोंगाटात निवांत भुईमूग उकरतात. तिसरी पद्धत साड्यांच्या कुंपणाची. मी घरातल्या जुन्या साड्या शेताभोवती बांधल्या तेव्हा आमची सौभाग्यवती पहिल्यांदाच आनंदानं शेत बघायला आली.

"अहो, ही माझ्या भावानं दिलेली पैठणी हाय."

"जुनी म्हणून बांधली."

"जुनी कामून? नेसायला तुम्ही कुठं नेलंत मला?"

दुसऱ्या दिवशी कुंपणात तेवढी फट राहिली आणि डुकरं सगळी तिथूनच आली. मी स्वतः जागलीलाही गेलो. त्याबद्दल एवढंच सांगतो की सकाळी उठलो तेव्हा खाटेच्या चारी बाजूंनी भुईमूग उकरलेला होता आणि खाटेखालचा तेवढा शाबूत होता. गावात या गोष्टीचा अर्थ मास्तरांच्या घोरण्याला जनावर भितं असा लावला गेला, तो मी खोडला नाही.

या सगळ्या पार्श्वभूमीवर आबांचं महत्त्व लक्षात घ्यावं. आबा आमचे शेजारी. फाट्यावर शिकारीच्या विषयात शेवटचा शब्द त्यांचा. त्यांच्या गोष्टीत बंदूक असते, निजामाच्या काळातल्या कुठल्यातरी देशमुखांची, आणि रोही कायम तीन कोस पळालेलं असतं. आबा कायदा मानणारे असल्यामुळे त्यांची एकही शिकार १९७२ नंतरची नाही. सप्टेंबरपर्यंत बंदूक तापलेली, ऑक्टोबरात थंड. एकदा कोणीतरी टपरीच्या फळीवर खडूनं हिशेब मांडला, तर एका रोह्याच्या वेळी आबांचं वय सहा निघालं. आबा म्हणाले, "मग? त्या काळी तूप चांगलं होतं."

असं सुखानं चाललेलं असताना माझा भाचा अमेरिकेहून आला. तिकडे विस्कॉन्सिन नावाचं राज्य आहे, तिथं असतो. इथून जाताना अंडं फुटलं तरी डोळे मिटणारा मुलगा. तिथं तो हरणांच्या शिकारीला जातो. नोव्हेंबरात नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम असतो, लायसन काढायचं, भडक नारिंगी कपडे घालायचे. नारिंगी कशाला, तर दुसऱ्या शिकाऱ्यानं आपल्याला हरीण समजू नये म्हणून. तिकडे आता भडक गुलाबीही चालतो. मारलेलं हरीण घरी आणून सोलायचं, कापायचं, पाकिटं करायची आणि वर्षभर खायची. विकायला मात्र तिथंही बंदी.

फाट्यावर हे कळलं आणि आबा धोतर सावरत पुढं आले. इतक्या वर्षांत त्यांना बरोबरीचा माणूस भेटला नव्हता.

"मग रं, जनावर पडल्यावर पयलं काय करतोस?"

"आबा, पोट उघडायचं. लगेच. कातडं म्हणजे गोधडी, आतली गरमी धरून ठेवतं. आतडी न फोडता बाहेर काढायची. आतड्यातलं मांसाला लागलं तर सगळं वाया. तुम्ही कसं काढायचात?"

आबांनी घोटभर चहा घेतला. "हातानं."

"आणि थंड कशात करायचात?"

"सावलीत."

"छर्रे? शिशाचे बारीक तुकडे मांसात लांबवर जातात, जखमेभोवतीचं सगळं काढून टाकावं लागतं."

"दाताखाली आलं की कळायचं," आबा म्हणाले, आणि विषय बदलण्यासाठी त्यांनी तीन कोस पळालेलं रोही काढलं. गोष्ट नेहमीप्रमाणे रंगली. सेलूची गाडी आली आणि कोणी उठलं नाही. शेवटी रोही पडलं तेव्हा भाचा हळहळला.

"अरेरे, मग मटण बिघडलं असणार."

टपरी गप्प झाली. भाचा समजावून सांगू लागला. खूप पळून दमलेल्या जनावराच्या स्नायूतली साखर संपून जाते. मेल्यावर त्या साखरेचंच आम्ल होतं आणि ते मांसाला टिकवतं. साखरच नसेल तर मांस काळपट, चिकट होतं आणि लवकर नासतं. म्हणून बेसावध उभं असलेलं जनावर एका गोळीत पाडायचं. आबा उठले. एवढ्या आयुष्यात त्यांच्या नेमावर पुष्कळांनी शंका घेतली होती, पण रोह्याच्या चवीवर कोणी घेतली नव्हती.

भाच्याचं तिथं थांबलं नाही. रानडुकराच्या मांसात ट्रिकिनेला नावाचा जंत असू शकतो, घरच्या फ्रीजरमध्ये गोठवून तो मरेलच असं नाही, रानातल्या जनावरात असणाऱ्या या जंताच्या काही जाती थंडीला दाद देत नाहीत. तेव्हा आतपर्यंत ७१ अंश झालंच पाहिजे. विस्कॉन्सिनच्या हरणांत २००२ साली मेंदूचा एक रोग सापडला, तेव्हापासून मेंदू आणि मणका खायचा नाही, मुंडी तपासणीला द्यायची आणि निकाल येईपर्यंत पाकिटांना हात लावायचा नाही. हे ऐकून मात्र टपरी हादरली. मुंडी सरकारला द्यायची? जंत, रोग, शिसं, सगळं आम्ही सोसलं असतं. पण मुंडीवरून आमच्याकडे सख्खे भाऊ बोलायचे थांबलेत.

एवढं ज्ञान आलं आणि ते वापरायला रोही नाही, ही अडचण होती. सुदैवानं आखाड लागला. श्रावणाच्या आधी गावोगाव बोकड पडतात. आमच्यातही दहा-बारा घरांनी मिळून एक बोकड ठरवला. वाटे पाडायचे आणि मटण शिजवायचं शेतातल्या आखाड्यावर, कारण घरात माझी आई. आईच्या गळ्यात माळ. तिच्या स्वयंपाकघरात मटण हा शब्दसुद्धा चप्पल बाहेर काढून येतो. मटणाचं पातेलं वेगळं, ते गोठ्यात. पळी वेगळी, सुरी वेगळी, चूल वेगळी, आणि खाऊन आलेल्यानं मागच्या दारानं येऊन आंघोळ केल्याशिवाय पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही. भाच्यानं ही सगळी व्यवस्था फिरून पाहिली आणि त्याचे डोळे भरून आले.

"आजी, कच्च्या मांसाची भांडी वेगळी ठेवा म्हणून तिकडे लोकांना घसा कोरडा करून सांगतात. कोणी ऐकत नाही. तुला कोणी शिकवलं?"

"माझ्या सासूनं. आन् सारखं मांस मांस करू नको, तुळशीपाशी उभा हायस."

आखाड्यावर लिंबाखाली बोकड पडला तेव्हा भाच्यानं घड्याळ लावलं. पावसानं दडी मारली होती, सावलीत ३४ अंश. त्याचा नियम असा, की बाहेर ३२ च्या वर असेल तर कच्चं मांस एका तासाच्या वर उघड्यावर ठेवायचं नाही. माशांसाठी त्यानं माझी जागलीची मच्छरदाणी टांगलेल्या बोकडावर चढवली. येणारा-जाणारा थांबून विचारत होता, कोण आजारी आहे. मग त्याची नजर खाटकाच्या ओंडक्यावर गेली.

"हा कधी धुता?"

"दर पावसाळ्यात," खाटीक म्हणाला. "आपोआप."

त्या ओंडक्यावर भाच्यानं उकळतं पाणी ओतलं. सुरी उकळत्या पाण्यात धरली. खाटकानं विडी पेटवली आणि हे सगळं होईपर्यंत, आपण लग्नात नवरदेवाच्या मित्राचं ऐकतो तसं, ऐकून घेतलं. अर्धा तास गेला. कापणी झाली, पळसाच्या पानांवर वाटे पडले, आणि इथं खरा कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक वाट्यात काळजाचा तुकडा आला पाहिजे, नळी आली पाहिजे, चरबी सारखी पाहिजे. एक बोटी या वाट्यातून त्या वाट्यात जाते, तिथून तिसऱ्यात, आणि सर्वानुमते पहिल्यात परत येते. त्या एका बोटीला जेवढे हात लागले तेवढे हात आमच्या आमदाराच्या हातात निवडणुकीत आले नसतील. भाचा घड्याळ धरून वाट्यांभोवती फिरत होता.

"मामा, पंचेचाळीस मिनिटं."

"थांब रे, काळजाचा निकाल लागतोय."

"मामा, तास संपला!"

"मग आता घाई कशाला?" कोणीतरी रास्त प्रश्न विचारला.

शेवटी एकाला पाठमोरं बसवलं, दुसऱ्यानं वाट्यावर बोट ठेवून "ह्यो कुणाचा?" विचारायचं आणि पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं. यात पक्षपात होत नाही. तरी प्रत्येक नावानंतर दोन मिनिटं कुजबुज होते. मुंडी आबांकडे गेली. वयाचा मान.

धुण्यावरून आणखी एक लढाई झाली. भाचा म्हणतो, कच्चं मटण धुऊच नका, शिंतोड्यांबरोबर जंतू सगळीकडे उडतात, ते शिजल्यावर मरणारच आहेत. सौभाग्यवती म्हणाली, न धुतलेलं मटण मी शिजवणार नाही, जंतू मेले तरी हाडाचा भुगा आणि ओंडक्याच्या ढलप्या मरत नाहीत. तत्त्व आणि ढलप्या यांच्यात ढलप्या जिंकल्या. तीन पाण्यानं मटण निघालं. भाचा तेवढा वेळ भुईमूग बघायला गेला.

मग चूल पेटली. काळं तिखट, येसूर, वर तर्री. भाच्यानं खिशातून लांब सुईचा थर्मामीटर काढला आणि पातेल्यातल्या बोटीत खुपसला. सगळे वाकून बघू लागले.

"किती ताप हाय?" आबांनी विचारलं.

"अठ्ठ्याण्णव. सेल्सिअस. पाहिजे एकाहत्तर."

"एकाहत्तरला आम्ही त्याच्यात हात घालून मीठ बघतो," सौभाग्यवती म्हणाली. आमच्याकडे मटण ठरावीक अंशाला शिजत नाही, हाडानं मांस सोडलं म्हणजे शिजलं. या परीक्षेत विस्कॉन्सिन आमच्या कितीतरी मागं होतं आणि भाच्यानं ते मोकळ्या मनानं कबूल केलं. त्या आनंदात आम्ही जेवलो आणि उरलेलं अर्धं पातेलं नेहमीप्रमाणे झाकण ठेवून चुलीवरच राहू दिलं. रात्रभर मुरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, हे आमच्याकडे लहान मूलही सांगेल.

भाचा खाटेवरून ताडकन उठला. म्हणाला, धोका शिजवण्यात नव्हता, तो आता सुरू झालाय. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू असतो, त्याची बीजं उकळूनही मरत नाहीत. मोठं पातेलं मधे गरम राहतं, रात्रभर हळूहळू निवतं, आणि ६० अंशांच्या खाली आल्यावर ती बीजं जागी होऊन वाढायला लागतात. दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं की आपण म्हणतो तिखट जास्त झालं. उपाय काय, तर रस्सा उथळ भांड्यांत ओतून झटपट गार करायचा आणि दोन तासांच्या आत थंडीत ठेवायचा.

त्या रात्री दहा वाजता आखाड्यावरच्या खाटेवर ताटं, पराती, गाईची आंबोणाची घमेली घासून, सगळीकडे बोटबोट रस्सा निवत ठेवलेला होता आणि मी काठी घेऊन कुत्र्यांपासून राखण करत होतो. साड्या नसलेली ती माझी एकमेव यशस्वी राखण.

पण थंडी आणायची कुठून? आईच्या फ्रीजचा विषय काढायची कोणाची छाती नव्हती. आखाड्यावर एक जुना फ्रीज आहे, त्यात बियाणं असतं आणि त्याच्या मोटारीत पाल. तेव्हा भाच्यानं पिशव्या भरल्या, हवा काढून बंद केल्या, वर तारीख लिहायला अमेरिकेहून आणलेले स्टिकर चिकटवले आणि फाट्यावरच्या थंड पेयांच्या दुकानात, आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये, कुल्फीच्या शेजारी ठेवून आला. वीज दुपारी चार तास जाते म्हणून झाकण उघडू नका, असं मालकाला बजावलं. झाकण उघडू नका म्हटल्यावर फाट्यावरच्या प्रत्येक माणसानं ते एकेकदा उघडून पाहिलं.

स्टिकर हरणाच्या मोसमाचे होते. प्रत्येकावर, तारखेच्या चौकटीच्या वर, फांद्याफांद्यांची शिंगं असलेल्या हरणाचं ठसठशीत चित्र.

जिंतूरच्या गाडीतून बातमी जिंतूरला गेली, सेलूच्या गाडीतून सेलूला. संध्याकाळपर्यंत देवगाव फाट्यावर रोह्याचं मटण पाकिटात मिळतं आणि ते अमेरिकेला जाणार आहे, एवढं सर्वांना कळलं. आबांना लोक थांबवून विचारत. आबा काही कबूल करत नव्हते आणि नाकारतही नव्हते, मिशीला हात लावून हसत होते. पुष्कळ वर्षांनी त्यांना ताजी शिकार मिळाली होती.

तिसऱ्या दिवशी वनरक्षक आले. सभ्य माणूस. कुल्फी घेतली, पैसे दिले, फ्रीजरमध्ये डोकावले, एक पाकीट उचलून चित्राकडे बराच वेळ बघितलं.

"मास्तर, हे काय?"

"बोकड."

"याला शिंगं बघा केवढी."

मी समजावलं, स्टिकर अमेरिकेचे, मटण इथलं. भाच्यानं तारीख, वजन, शिजवण्याचं तापमान सगळं वहीत लिहिलेलं दाखवलं. एवढी व्यवस्थित नोंद पाहून वनरक्षकांचा संशय उलट वाढला. बोकडाची वही कोण ठेवतं? ते म्हणाले, मांस कोणत्या जनावराचं हे हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनएवरून कळतं, नमुना पाठवता येईल. टपरीवरचा एक म्हातारा म्हणाला, निजामाच्या काळात आमच्या फिर्यादी हैदराबादला जायच्या, आता रस्सा जाणार म्हणा.

"कातडं कुठाय?"

कातडं विकलं होतं.

"खूर?"

पायाचं सूप झालं होतं.

"मुंडी तरी?"

सगळ्यांनी आबांकडे बघितलं. आबा बाकावर ताठ बसले होते. समोर सेलूच्या गाडीची वाट बघणारे पंधरा-वीस जण, त्यातले निम्मे खास त्यांचं तोंड बघायला थांबलेले. मी हात जोडले. भाच्यानं थर्मामीटर खिशात टाकला. वनरक्षक म्हणाले, "आबा, तुम्ही जुने जाणते. तुमच्या शब्दावर मी लिहून घेतो. खरं सांगा, काय होतं?"

आबांनी मिशीवरचा हात खाली घेतला. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा लोकांकडे.

"बोकडच होतं, साहेब," ते म्हणाले. "पर पळायचं मातर रोह्यावाणी."